पर्लफिश स्केच सिरीज: मासा घरात शिरतोय तो सीन झाला

मागच्या अपडेटमध्ये नुसती सी क्युकंबर (समुद्रतळावरचा काकडीच्या आकाराचा प्राणी) होती, आता तिच्या पोटात राहणारा भाडेकरू मासा पण आलाय, इंडो-पॅसिफिक रीफवरची सिल्व्हर पर्लफिश. काळा कागद, पांढरं जेल पेन, अंग जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे आउटलाइन शक्य तितकी पुसट ठेवलीये आणि पोटाजवळच्या चंदेरी चमकेलाच काय तो जोर दिलाय.

सगळ्यात जास्त वेळ माशाचं गुदद्वार कुठे दाखवायचं यात गेला. हसू नका, पूर्ण डिझाइन तिथूनच उलगडतं! ते पार पुढे, गळ्याखाली असतं, म्हणजे नुसतं डोकं बाहेर काढलं की शी उरकते, बाकी अंग आतच. खवले नाहीत, पोटाखालचे पर नाहीत, शेपटीलाही पर नाही, नुसतं निमुळतं टोक, अडकेल असं काही ठेवलेलंच नाहीये.

सी क्युकंबर श्वास घेते तो मागच्या भोकातूनच, पाणी आत-बाहेर करत, आणि मासा वासावरून आणि त्या पाण्याच्या ओढीवरून दार शोधतो. आधी तोंड लावून बघतो, मग शेपूट अंगालगत पुढे वळवून भोकात घालतो आणि मागे मागे सरकत आत. मी नेमका हाच क्षण घेतलाय, अंगाचा यू झालेला. यजमानीण भोक आवळून बसते, पण श्वास किती वेळ रोखणार बिचारी. तिच्या अंगातली सॅपोनिन्स नावाची विषारी रसायनं इतर माशांना मारतात, याला मात्र बुळबुळीत म्यूकसचा जाड थर वाचवतो.

हा रात्री बाहेर पडून शिकार करतो, सभ्य म्हणायचा. एन्केलिओफिस ग्रॅसिलिस हा त्याचा भाऊबंद मात्र आत बसून तिचेच अवयव खातो, त्याचं चित्र नंतर, मूड लागेल तेव्हा. आणि एकाच सी क्युकंबरमध्ये १५ कॅरॅपस मूर्लानी (आणखी एक पर्लफिश) सापडल्याची नोंद आहे १९७७ ची, ती गर्दी काढायची माझी तरी हिंमत नाही. आत दुसरा मासा भेटला की हे आवाजही काढतात, वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) जोडलेल्या स्नायूंनी, आता ते कागदावर कसं आणायचं देव जाणे.

पुढचा नंबर लार्व्हाचा, म्हणजे या माशाच्या पिल्लाचा. सुरुवातीला पाठीवर लांबलचक तंतू, नंतर टेन्युइस नावाची स्टेज, दोऱ्यासारखी लांब, आणि यजमानाकडे मुक्काम टाकताना ती आखडून निम्म्याहूनही छोटी होते. आखडण्याआधीचं आणि नंतरचं रूप, दोन्ही एकाच स्केलवर हवेत म्हणून आडवा लांब कागद शोधतोय, कोणी रोल पेपरवर जेल पेन वापरलंय का, फिसकटतं का ते सांगा.