कढीपत्त्याचे पैसे

परवा दुपारी खर्चाची वही लिहिताना ‘कढीपत्ता, दहा रुपये’ असं लिहिलं आणि पेन अडलं. मी कढीपत्त्याला पैसे देणाऱ्यातला नव्हे. भाजी घेतली की वर दोन काड्या हक्कानं मागून घ्यायच्या, ही माझी रीत. पण बेळगावच्या गणपत गल्लीत हल्ली हा हक्क कुणी मानत नाही, आणि टिळकवाडीच्या फ्लॅटला परडं कुठून आणू? दसऱ्याला आंब्याचे डहाळे विकत, दिवाळीत दारात शेणाचे पांडव घालायला शेणसुद्धा विकत. येळ्ळूरच्या आत्यानं ते ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाली, “शेणाला बी दुडू?”

सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत देशभरात माणशी महिन्याचा खर्च गावात ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६. घरी पिकवून खाल्लेलंही भाव लावून धरतात. आत्याच्या परड्यातला कढीपत्ता धरायचा तर आधी तिनं तो सांगायला हवा. ती कशाला सांगतेय!

आणि गावाचा हात आखडता, हे तरी कुठं खरं? आमच्याकडं महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी एकदा भरते. लहानपणी एक पाहिली. बसचे पैसे वाचवायला बेळगावचा बाजार चालत करणारे आजोबा त्या दिवसांत वाटेवरच्या अनोळखी माणसाला दंडाला धरून जेवायला आणत होते. घराला रंग, लेकीबाळींना लुगडी, मागीलदारी मटणाचे हंडे. पाहुण्यांचे पाहुणे, त्यांचे दोस्त. कोण जेवून गेलं ते घरच्यांनाही ठाऊक नसे. सोसायटीचं कर्ज मग बरीच वर्षं फिटत राहिलं. त्यावर घरात कुणी कुरकुरल्याचं आठवत नाही. मी मात्र दहा रुपयांवर अर्धी दुपार घालवली.

आता आत्या शनिवारी आधार कार्ड दाखवून फुकट बसनं येते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० जमा झाले असले तर जाताना नातवंडांना कुंदा घेते. येताना पिशवीत आमच्यासाठी घरचा तांदूळ असतोच.

गेल्या खेपेला पिशवी हलकी होती. दिराचं शिवार हलगा-मच्छे बायपासला गेलं, तेव्हा आता आपल्यातलाच तांदूळ त्यांना द्यावा लागतो, म्हणाली. तो संपला की दीर दुकानातून आणतात. वाण्याकडं तांदूळ मागायची त्यांना अजून लाज वाटते.