कोण आहे तिकडे?

धारणी तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं भाषाकुळाचं नातं नाही. त्यांच्या भाषेत सजीव-निर्जीव असा भेद, त्यामुळे आपली तीन लिंगं त्यांना एकेका नामाबरोबर पाठच करावी लागतात. एवढं सांभाळून ही मुलं मराठी उतारा वाचतात, याचं मला खरंच कौतुक आहे.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टांत तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं आहे. प्रत्यक्षात घड्याळ तेवढं लक्षात राहतं आणि अर्थ मागे पडतो. मग मुलं पाढे म्हटल्यासारखं वाचतात. पूर्णविरामाला थांबत नाहीत, श्वास संपला की थांबतात.

मोहाचा हंगाम होता. बरीच मुलं पहाटे आईबापासोबत मोहफुलं वेचायला जायची, वर्गात हजेरी कमी. मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या:

रात्री गोठ्यामागे पानं वाजली.
"कोण आहे?" आजीनं विचारलं.
कुणीच बोललं नाही.
"कोण आहे तिकडे?"

तिसरीतली एक मुलगी उठली. वर्गात सगळ्यात वेगानं वाचणारी. एकाही जोडाक्षराला न अडखळता तिनं चारही ओळी एका सुरात संपवल्या आणि खाली बसली.

मी "भाव आणून वाच" म्हटलं नाही. तसं सांगितलं की मुलं नुसता आवाज चढवतात. फळ्याकडे पाठ करून गोष्ट कोरकूत सांगायला लावली. मला कोरकू कामापुरतीच येते, पण भाषांतराची गरज पडली नाही. तिचे डोळे मोठे झाले, हात हलायला लागले, मध्ये ती चक्क थांबली. बाकीची मुलं मध्येच बोलू लागली: गोठ्यामागे कोण असेल? मोह पडायला लागला की अस्वल येतं, यावर एकमत झालं.

मग पुन्हा मराठी. आम्ही शब्दांचे गट पाडले, "रात्री / गोठ्यामागे / पानं वाजली", आणि तिथे खडूनं तिरक्या रेघा मारल्या. शब्दावर बोट ठेवून वाचायचं नाही, असं ठरलं. बोट असलं की नजर त्या एका शब्दावर अडकते. वाक्य कुठे चाललंय हे कळायला नजर आवाजाच्या थोडी पुढे धावावी लागते.

ती उठली. पहिलं "कोण आहे?" खणखणीत. "कुणीच बोललं नाही" सावकाश. दुसरा प्रश्न मोठ्यानं येईल असं मला वाटत होतं. तो आला अगदी हळू, घशातल्या घशात. समोरची पोरं पुढे सरकली.

"हळू का गं?" मी विचारलं.

"मोठ्यानं बोलली तं अस्वल आंगावर येईन ना, मॅडम!"

आजीच्या मनात काय चाललंय ते तिनं स्वतः शोधलं होतं. फळ्यावर मी ते कुठेच लिहिलं नव्हतं.

नंतर प्रत्येकाला आजी व्हायचं होतं. एकानं दुसरा प्रश्न रागानं विचारला, त्याच्या मते बाहेर शेजाऱ्याचं कुत्रं होतं. तेही चाललं, कारण त्यानं कारण दिलं.

तिचा वेग त्या वाचनात कमी भरला. नोंदवहीत मी आकडा लिहिला आणि शेजारी "अर्थासह, उत्तम" असा शेरा दिला. केंद्रप्रमुख भेटीला आले की वही उघडण्याआधी तिला वाचायला उभं करणार आहे.