कूलिंग लॉगवरचा ६८

ऑर्लँडोजवळच्या एका थीम पार्क रिसॉर्टचं मुख्य किचन, जुलैतली दुपार. दुसऱ्या दिवसाच्या काउंटरसाठी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा दाट रस्सा, साधारण ४० लिटर शिजवून थंड करायला ठेवला होता. नियम ठरलेला आहे: १३५ फॅरनहाइटवरून (५७ सेल्सिअस) दोन तासांत ७० (२१), आणि तिथून पुढच्या चार तासांत ४१ (५). कूलिंग लॉगमध्ये, म्हणजे थंड होतानाचं तापमान लिहायच्या नोंदवहीत, दोन तासांच्या रकान्यात ६८ लिहिलेलं होतं. त्यानंतर चाळीस मिनिटांनी बादलीला बाहेरून सहज हात लागला, तर ती चांगली कोमट. प्रोब, म्हणजे पदार्थात खुपसायचा थर्मामीटर, मधोमध खाली घातला. ९१.

नोंद कोल्हापूरच्या एका मुलाची होती, जे-१ व्हिसावर, म्हणजे अमेरिकेच्या एक्स्चेंज कार्यक्रमाच्या व्हिसावर, आलेल्या.

“प्रोब घातला होतास का रे?”

“घातला होता, दादा.” मग थोडा वेळ गप्प. “नाही. घातला असं वाटलं फक्त.”

चूक दोन ठिकाणी होती. एक, रस्सा २० लिटरच्या दोन खोल बादल्यांत, वर घट्ट झाकण लावून वॉक-इन कूलरमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या फ्रिजमध्ये, ढकलला होता. वॉक-इन थंड पदार्थ थंड ठेवतो, गरम पदार्थ झपाट्यानं उतरवणं त्याचं काम नाही. दाट रस्सा कडेनं निवतो आणि पोटात तासन्‌तास ऊब धरून राहतो. तो दोन इंची उथळ पॅनमध्ये पसरायचा, झाकण सैल ठेवायचं, दोन पॅनच्या मधे हवा खेळेल एवढी जागा सोडायची. नाहीतर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून, आत पाणी गोठवलेला आइस पॅडल घालून ढवळत राहायचं. दोन तास उलटायच्या आत लक्षात आलं असतं तर १६५ पर्यंत (७४) पुन्हा गरम करून नव्यानं थंड करता आलं असतं. वेळ टळून गेली होती, म्हणून ४० लिटर टाकून दिले. शिजवण्यातून वाचलेले क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू याच उबेत भराभर वाढतात, आणि वासाला-चवीला काहीच कळत नाही.

दुसरी चूक रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावर, सापडली. १७ दिवसांत त्याला दोनच विकली ऑफ मिळाले होते. एक त्यानं दुसऱ्याची शिफ्ट घेऊन घालवला, कारण आठवड्याला ४० तासांवर दीडपट पैसे मिळतात. दुसरा ऑफ स्टाफच्या फुकट पासवर त्याच पार्कात काढला. राहायला स्टाफ हाउसिंग, जायला-यायला कंपनीची बस, खोलीतले तिघेही याच किचनचे. १७ दिवस तो गेटाबाहेर पडलेलाच नव्हता. पार्कातला ऑफ म्हणजे तीच गाणी, त्याच रांगा, आणि कानावर सतत रेडिओ आणि टायमरचेच आवाज. माझ्या मते तो ऑफ धरूच नये.

इथं कायदा फार मदतीला येत नाही. प्रौढ कामगाराला जेवणाची सुट्टी द्यायलाच हवी असं केंद्राचा कायदाही सांगत नाही, फ्लोरिडाचाही नाही. ५ ते २० मिनिटांचा छोटा ब्रेक दिला तर त्याचे पैसे कापता येत नाहीत, एवढं आहे. बाकी सगळं कंपनीच्या धोरणावर किंवा युनियनच्या करारावर. अर्ध्या तासाच्या जेवणातही कँटीनला जायला सात मिनिटं, यायला सात, उरतात सोळा. त्यातून हात धुणं आणि रांग वजा करा. म्हणून डबा आणावा आणि जवळच्या, स्पीकर नसलेल्या खोलीत खावा.

ऑफ बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवशी येतो, आणि बाहेर पडायला तोच बरा. सनरेल ही इथली लोकल गाडी फक्त सोमवार ते शुक्रवार धावते. लिंक्सच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक सेवेच्या, बसनं स्टेशन गाठायचं आणि विंटर पार्कला उतरायचं; स्टेशन बागेतच आहे, शिवाय तिकिटाचे पैसेही थोडे. वेकिवा स्प्रिंग्ज या झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. शनिवार-रविवारी गाड्यांनी पार्किंग भरलं की फाटक बंद होतं, बुधवारी सकाळी सहसा तसं होत नाही. थंडीत ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग या झऱ्याला मॅनटी, म्हणजे पाण्यात राहणारे मोठे संथ सस्तन प्राणी, येतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथं पोहायला बंदी असते, काठावरून बघायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी विजा कडाडतात, तेव्हा पाण्याचा बेत सकाळीच उरकावा.

एका गोष्टीत मुलं हमखास फसतात. पोर्ट कॅनाव्हरलहून सुटणारी बहामाजची क्रूझ तीन-चार दिवसांच्या सुट्टीत बसते, पण ती परदेशवारीच. जे-१ वाल्यानं डीएस-२०१९ या आपल्या कार्यक्रमाच्या फॉर्मवर स्पॉन्सर संस्थेची प्रवासाची सही आधी घ्यावी, व्हिसाच्या तारखा तपासाव्यात आणि मगच पैसे भरावेत.

त्या आठवड्यापासून रोस्टरच्या कागदावर पेन्सिलनं एक रकाना वाढवला: शेवटचा गेटाबाहेरचा दिवस. त्या दिवसाला दहाच्या वर दिवस उलटले की शिफ्टच्या अदलाबदलीवर सही करायची नाही, आणि त्या माणसाच्या कूलिंग लॉगचा दुसरा प्रोब दुसऱ्यानं घालायचा. पुढचा बुधवार कोल्हापूरच्या मुलाच्या नावावर लिहिला आणि शेजारी सनरेलची सकाळची वेळ.