पद्मिनी कुशीवर वळली

रविवार, सांगली

आज पद्मिनी, म्हणजे आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी, कुशीवर वळली, तीही एका हाताच्या रेट्याने.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही गाडी गल्लीत छतापर्यंत बुडाली होती. इंजिन नंतर सुरू झालं, पण तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या आतून कुजतच राहिल्या. जुन्या जीपसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) असती तर बॉडी उचलून बाजूला ठेवली असती. ही १९५३ च्या फियाट ११००/१०३ पासून चालत आलेली मोनोकॉक घडण, इथे पत्रा हीच चासी. म्हणून इंजिन, ॲक्सल, काचा उतरवून उरलेली बॉडी पुढून-मागून दोन स्टँडवर धरायची आणि फिरवायची.

स्टँड कुपवाडच्या भंगारातल्या चौकोनी पाइपचे. खाली लॉकची चाकं, वर पाइपात फिरणारा पाइप, आरपार भोकं पाडून पिन. बॉडी बंपरच्या जागी बोल्टने धरली, तिथला पत्रा अजून ठणठणीत आहे. दारं काढल्यावर चौकटींत आडवे पाइप वेल्ड केले. ते नसले तर तळ कापताच बॉडी मध्ये बसते आणि दारं जन्मात लागत नाहीत.

वेळ खाल्ला तो बॉडी ज्याभोवती फिरते त्या आसाच्या उंचीने. बॉडी थोडी कलवून सोडायची: झोका घेऊन सरळ झाली तर वजन आसाच्या खाली, कलंडतच निघाली तर वर. (दोर बांधल्याशिवाय हा खेळ करू नये.) पकडीच्या प्लेटला उभ्या खाचा होत्या, अर्धा-अर्धा इंच सरकवत गेलो. मामा वेल्डर माणूस, त्यांना हे मोजमाप म्हणजे रिकामटेकडेपणा. पण शेवटी जिथे सोडू तिथे बॉडी थांबायला लागली, तेव्हा तेच दोनदा फिरवून बघून आले. पट्ट्यांच्या भोकांतून पुराचा गाळ भसाभसा सांडला.

"आता छातीवर ठिणग्या न्हाईत बगा," मामा म्हणाले. उताणं पडून वर वेल्डिंग करताना वितळलेलं लोखंड अंगावर येतं. आता जोड खाली आणि वेल्डिंगची टॉर्च वर. पातळ पत्र्याला सीओटू गॅसचं वेल्डिंगच वापरणार, रॉडच्या वेल्डिंगने भोकं पडतात.

आधी डावी पट्टी, ती पूर्ण बसल्यावर उजवी. हे मामांना पटलंय. रंग मेटॅलिक मारू म्हणतात, ते मात्र होणे नाही.