गेटिसबर्ग: मिनेसोटाची पलटण

वॉशिंग्टनबद्दल काही लिहीत नाही. रांगा, ऊन आणि आईचे गुडघे, एवढंच आठवतंय. गेटिसबर्गला, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातल्या मोठ्या लढाईच्या मैदानावर, गेलो ते बाबांसाठी. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि रणांगण म्हटलं की त्यांना जेवणखाण सुचत नाही.

सगळे जातात त्या लिटल राउंड टॉप टेकडीवर गाडी लावायलाच जागा मिळेना. वैतागून हॅनकॉक अव्हेन्यूवर आलो. तिथं संगीन लावलेली बंदूक घेऊन धावणारा ब्रॉन्झचा शिपाई उभा होता आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. हे उत्तरेच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्या दक्षिणेविरुद्ध लढणाऱ्या फौजेतल्या पहिल्या मिनेसोटा रेजिमेंटचं स्मारक. खालचा लेख वाचून मी बाबांना मराठीत सांगत गेले.

२ जुलै १८६३, संध्याकाळ. उत्तरेचा जनरल सिकल्स हुकूम नसताना आपली कोअर (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) पुढे एमिट्सबर्ग रोडवर घेऊन गेला होता. ती मोडली आणि मागे फळीत भगदाड पडलं. त्यातून दक्षिणेच्या विलकॉक्सची अलाबामाची ब्रिगेड वर चढत होती. राखीव फौज पोचायला पाचेक मिनिटं हवी होती आणि उत्तरेच्याच जनरल हॅनकॉकच्या हाताशी होत्या या आठ कंपन्या, २६२ माणसं. समोरचा शत्रूचा झेंडा दाखवून त्यानं पलटणीच्या कर्नल कोलविलला सांगितलं, तो घे. आणि हे सगळे संगिनी रोखून उतारावरून खाली धावले.

"किती पडले?" बाबांनी विचारलं.

"मेलेले आणि जखमी मिळून २१५. रांगेत उरले ४७."

"आणि मिसिंग?"

"एकही नाही, असं लिहिलंय."

बाबा थांबले. "म्हणजे पळालं कुणीच नाही," म्हणाले आणि तरातरा उतारावरून प्लम रनच्या ओढ्याकडे चालू लागले. मी मागे. ओढा कसला, ओहोळच. खाली पोचल्यावर त्यांनी वळून चढाकडे पाहिलं. "आडोसा कुठाय गं इथं? एक बांधसुद्धा नाही. वरनं निघतानाच प्रत्येकाला कळलं असणार."

हॅनकॉकनं नंतर म्हटलं होतं, एकूण एक माणूस मरणार हे माहीत असतं तरी मी हाच हुकूम दिला असता. मला ते वाचून संताप आला. बाबांना आला नाही. "द्यावा लागतो," एवढंच म्हणाले. त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता: लढाईच्या आधी कोलविलला अटकेत ठेवलं होतं, कारण पाण्यातून जायचा हुकूम असताना त्याची काही माणसं ओंडक्यांवरून कोरड्या पायांनी ओढा ओलांडून गेली. "ओले पाय घेऊन वीस मैल चालून बघावं म्हणावं त्या साहेबानं!" कोलविल त्या धावेत जबर जखमी झाला, पण वाचला.

उरलेले दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्यासमोर पुन्हा उभे होते. मार्शल शर्मन नावाच्या शिपायानं तिथं २८व्या व्हर्जिनियाचा झेंडा हिसकावला. तो झेंडा अजून मिनेसोटातच आहे. लढाईला दीडशे वर्षं झाल्याच्या निमित्तानं व्हर्जिनियानं तो नुसता उसना मागितला, तर मिनेसोटाच्या गव्हर्नरनं साफ नकार दिला. आई म्हणाली, द्यायला काय हरकत होती, परत आणलाच असता की. बाबांचं म्हणणं, लढून घेतलेला झेंडा मागायचाच नसतो. माझं मत वेगळ्या कारणानं बाबांच्या बाजूचं: तो झेंडा गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या फौजेचा होता, तो पुन्हा तिथं नेऊन मिरवायचा कशाला? न्यू जर्सीला पोचेपर्यंत आमचं हेच चालू होतं.