पाकीट उलटं करून बघा आधी

गेल्या शनिवारी इथल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, एका खोक्यात जुने ड्रेस पॅटर्न (ड्रेस बेतायचे कागदी नमुने, पाकिटात घालून विकतात ते) सापडले, पन्नास सेंटला एक, आणि मी तिथेच फतकल मारून बसले. सिम्प्लिसिटी, बटरिक, मॅकॉल्स, सगळ्या पॅटर्न कंपन्यांचे. पन्नासच्या दशकातली ती पाकिटं बघितली की वेड लागतं, बारीक कंबर आणि खाली हा एवढा घेर! हातात चार घेतले, आणि मग मागची बाजू वाचली.

मागच्या बाजूलाच सगळं असतं खरं. किती पन्ह्याचं कापड किती यार्ड लागेल ते तिथे छापलेलं असतं. त्या घेरदार ड्रेसला ३५ इंच पन्ह्याचं साडेपाच यार्ड कापड, म्हणजे पाच मीटर. पॅटर्न पन्नास सेंटचा पण कापड, अस्तर, चेन धरून खर्च कुठल्या कुठे. तीन परत ठेवले.

त्याच खोक्यात तळाशी चाळीसच्या दशकातला एक होता, पाकीट फाटलेलं, कोणी हात लावला नसेल. त्याला ३९ इंच पन्ह्याचं सव्वातीन यार्डच. हा फरक उगाच नाही. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने युद्धामुळे एल-८५ नावाचा आदेश काढला, बायकांच्या कपड्यांचा घेर, लांबी, अगदी खालची दुमड किती इंच ते सुद्धा ठरवून दिलं, आणि पॅटर्नवाल्यांनीही तशाच डिझाइन काढल्या. ब्रिटनमध्ये तर १९४१ ते १९४९ कपडे कुपनवर मिळायचे. त्यामुळे त्या काळातल्या डिझाइन कमी कापडात बसवलेल्या आहेत आणि तरी किती देखण्या आहेत, खांद्याला चुन्या, कंबरेला नीट टक्स, सरळ पडणारा स्कर्ट. पैसे वाचवून शिवायचं असेल तर माझं ठाम मत आहे की १९४२-४६ चे पॅटर्न शोधा. १९४७ ला पॅरिसहून डिओर या फॅशन डिझायनरचा न्यू लुक, म्हणजे बारीक कंबर आणि मोठ्या घेराची फॅशन, आला आणि घेर परत वाढला.

साइजचा आकडा बघून मात्र घेऊ नका प्लीज. ३४ इंच छातीला पन्नासच्या सुरुवातीला १६ नंबर होता, नंतर १४ झाला आणि १९६८ च्या सुमारास १२. शरीर तेच, नंबर बदलला. इंचात छातीचं माप दिलेलं असतं तेच बघायचं. कंबर, लांबी नंतर कमीजास्त करता येते पण खांदा आणि मुंढा चुकला की फार उसवाउसवी होते.

पाकीट फाटलेलं असेल तर घ्या, स्वस्त मिळतं. सूचनांचा कागद नसला तरी शिवणारीला जमतं. पण तुकडे मात्र मोजायचेच, एक बाही नसली तर काय करणार. आणि जुन्या बऱ्याच पॅटर्नवर काही छापलेलंच नसतं, नुसती भोकं पाडलेली असतात, उभा धागा कुठे आणि टक्स कुठे ते त्या भोकांवरून ओळखायचं. कागद इतका पातळ की मी आधी दुसऱ्या कागदावर उतरवून घेते आणि मूळ घडी करून ठेवून देते. त्यावर शिलाईची माया धरलेली आहे का तेही तपासते, आई न सांगता दोन बोटं माया ठेवायची, तिला कागद लागलाच नाही कधी, ती पेपर अंथरून जुन्या ब्लाऊजवरून बेतायची.

तर त्या सव्वातीन यार्डासाठी मी कापड घेतलंच नाही. आईची एक सुती साडी आहे, निळी, पदराकडे विरलेली, पण बाकी पाच मीटर धडधाकट आणि पन्हा ४५ इंच, म्हणजे भरपूर. आधी मांजरपाटात कच्चं शिवून बघितलं, छातीला अर्धा इंच सोडावं लागलं. काठ मी पट्ट्याला आणि बाहीच्या टोकाला लावणार आहे, खालच्या गोलाईला सरळ काठ बसत नाही. डाव्या कुशीत चेनऐवजी टिचबटणं, युद्धात धातूच्या चेन सहज मिळत नव्हत्या तेव्हा बऱ्याच बायका असंच करायच्या. काल रात्री साडी धुऊन इस्त्री केली, आता टेबलावर पसरून ठेवली आहे, उद्या सकाळी उजेडात कात्री लावेन.