न्यूमोनिया गेला, धाप राहिली

व्हायरल न्यूमोनियातून उठलेलं मूल घरी आलं की सगळे म्हणतात, "सुटलात एकदाचे." आमच्या बायच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, बाबतीत खरी कसोटी त्यानंतर लागली. त्या काळात मी रात्र रात्र मोबाईलवर शोधायचे, पण न्यूमोनियानंतर मागे राहणाऱ्या ह्या धापेबद्दल आईबापांना कळेल असं मराठीत माझ्या हाती फारसं काही लागलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. बाय सव्वा वर्षाची असताना ऐन पावसात तिला ताप आला. डोळे लाल झाले, दूध सुटलं आणि मग श्वास लागला. तिला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हलवलं. घशाच्या स्वॅबमध्ये अडेनोव्हायरस निघाला. ह्या विषाणूवर आपल्या नेहमीच्या न्यूमोनियासारखं हमखास औषध नाही. शरीर त्याच्याशी लढेपर्यंत श्वासाला आधार द्यायचा, एवढंच. बायला तो आधार व्हेंटिलेटरने दिला. त्या दिवसांबद्दल अधिक लिहिवत नाही. ती वाचली आणि घरी आली.

घरी आल्यावर ताप नव्हता, खेळायची, हसायची. पण झोपली की बरगड्यांखाली खळगा पडायचा. पाठीवर हात ठेवला तर तळव्याला खरखर लागायची. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त झाले तर ते जलद समजतात, हे मला वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवलं होतं. मूल शांत झोपलेलं असताना, अंगावरचं पांघरूण बाजूला करून, पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. बायचे श्वास पन्नाशीच्या खाली येतच नव्हते.

जवळच्या एका दवाखान्यात बाळदमा म्हणून पंप दिला. दमा गोव्यात घरोघरी असतो. पावसात भिंतींना बुरशी धरते आणि मुलं खोकू लागतात, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक होतं. पण माझ्या नणंदेच्या मुलाला दमा आहे आणि तो मी जवळून पाहिलेला आहे. पंप घेतला की अर्ध्या तासात तो अंगणात पळतो, मधले कित्येक आठवडे त्याला काहीही नसतं. बायला पंप देऊन काडीचा फरक पडत नव्हता आणि मोकळा असा एकही दिवस तिला मिळत नव्हता. मी श्वासांचे आकडे वहीत लिहू लागले, झोपेतल्या छातीचे व्हिडिओ काढले आणि ते घेऊन बांबोळीच्या ओपीडीत गेले. म्हटलं, "डॉक्टर, दम्याचं मूल मधेमधे तरी बरं असतं. ही एकदाही मोकळी झालेली नाही."

त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून तिला झोपू दिलं, आणि झोपेत आकडा नव्वदच्या खाली घसरलेला त्यांनी स्वतः पाहिला. मग चक्र फिरलं. क्षयरोग नाही ना, हे बघायला सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. शेंगदाण्यासारखं काही श्वासनळीत अडकलंय का, प्रतिकारशक्तीत काही जन्मजात दोष आहे का, गिळताना दूध फुप्फुसात जातंय का, हे सगळं एकेक करून बाजूला सारलं. शेवटी छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन.

तो फोटो डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दाखवला. फुप्फुसात काही भाग करडे, काही काळे, गोधडीच्या ठिगळांसारखे. मला वाटलं, करडा भाग बिघडलेला. उलट निघालं. काळ्या भागातल्या बारीक श्वासनलिका व्रण पडून आवळल्या होत्या. तिथे हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, कोंडून राहते. अशा जागी रक्तही कमी जातं, म्हणून तो भाग काळा दिसतो. करडा भाग बरा, आणि त्याच्यावरच सगळा भार. ह्या आजाराचं नाव पोस्ट-इन्फेक्शियस ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. डॉक्टर नुसतं 'पीआयबीओ' म्हणतात. अडेनोव्हायरसनंतर, त्यातही त्याच्या ३, ७ आणि २१ ह्या प्रकारांनंतर तो जास्त आढळतो. गोवर, फ्लू, मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू ह्यांच्यामागूनही येतो. ज्यांना व्हेंटिलेटर लागला त्या मुलांत त्याचं प्रमाण अधिक. २०२३च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये मुलांत अडेनोव्हायरसची मोठी साथ आली होती. त्या बातम्या वाचताना, त्यातली किती मुलं अशी धापत घरी गेली असतील, ह्याच विचाराने माझा जीव खालीवर होत होता.

"बरी होईल का?" मी विचारलं. डॉक्टरांनी मला खोटा धीर दिला नाही, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाले, पडलेले व्रण जात नाहीत. पण हा आजार बहुतेक मुलांत वाढतही नाही, आणि लहान मुलाचं फुप्फुस वाढत असतं. नवी, निरोगी जागा तयार होते. आपलं काम तोवर सूज आटोक्यात ठेवायची, ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, वजन वाढवायचं आणि दुसरा न्यूमोनिया होऊ द्यायचा नाही.

सूज कमी करायला दर महिन्याला तीन दिवस वॉर्डात राहून मिथाइलप्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉईडची सलाईन, असे काही महिने. त्या तीन दिवसांत बीपी आणि साखर पुन्हा पुन्हा तपासतात. बायचं तोंड कडवट व्हायचं, आवडती पेजसुद्धा थुंकायची, रात्री झोपायची नाही, चिडून केस ओढायची. घरी आल्यावर चार-पाच दिवसांत पुन्हा आपली बाय. जोडीला स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या मास्कवाल्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, स्टेरॉईडचा पंप, मॉन्टेलुकास्ट हे औषध आणि आठवड्यातून तीन दिवस अझिथ्रोमायसिन. हे शेवटचं जंतू मारायला नव्हे, श्वासनलिकेतली सूज निवळायला. ह्यातलं काहीही दुसऱ्याचं वाचून सुरू करू नका, प्रत्येक मुलाचा डोस आणि मुदत वेगळी. स्टेरॉईडच्या काळात गोवर-रुबेलाची लस पुढे ढकलावी लागली. गोवरही हाच आजार देऊ शकतो, म्हणून ते मला फार लागलं होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी कार्डावर तशी नोंद करून ठेवली आणि आठवणीने फोन केला.

स्पेसरचं एक सांगते, कारण हे कोणी धड सांगत नाही. मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे, नाहीतर औषध हवेत जातं. मूल रडत असेल तर औषध छातीत पोचतच नाही, म्हणून मी ते बाय पेंगुळली की द्यायचे. नंतर तोंड आतून ओल्या फडक्याने पुसायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा. फडक्याने घासला की प्लास्टिकला वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटून राहतं.

ऑक्सिजनचं मशीन घरी आलं तेव्हा सासूबाई पाट घेऊन त्याच्यासमोर बसून राहिल्या. आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की वीज रात्रभर जाते, म्हणून एक बी टाईप सिलिंडर भरून ठेवला. त्यात सुमारे पंधराशे लिटर मावतो. मिनिटाला अर्धा लिटर लागत असेल तर साधारण पन्नास तास निघतात. हे गणित मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, मी घरी नसले तरी कोणी घाबरू नये म्हणून. सिलिंडर असलेल्या खोलीत समई, उदबत्ती, काहीही पेटवायचं नाही.

धुराचं मात्र घरातल्यांशी जमवून घ्यायला वेळ लागला. आंघोळीच्या पाण्याचं भाण आमच्याकडे चुलीवर तापतं. ती चूल विझवायची म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्याच धुरात माझी चार मुलं वाढली." मी म्हटलं, "त्यांची फुप्फुसं धड होती, आई." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गिझरची चौकशी करायला सासऱ्यांना वाळपईला पिटाळलं. काजूच्या हंगामात शेजारची भट्टी पेटली की आम्ही बायला घेऊन माहेरी फोंड्याला जातो, दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्रीही. चतुर्थीला घर भरतं, तेव्हा दारातच साबण आणि पाणी. अडेनोव्हायरसला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही, साबणाने हात धुणंच बरं. सर्दी झालेल्याने तिला उचलायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. सुरुवातीला काही जण रुसले.

धापेत मुलाची शक्ती खर्च होते, तेव्हा खाणंही औषधच समजा. थोडं थोडं, पण सारखं. नाचणीचं तिजण, अंडं, भातात जास्तीचं तूप.

आधी दिवसाचा ऑक्सिजन सुटला, मग कितीतरी महिन्यांनी रात्रीचा. बाय आता चार वर्षांची आहे आणि बालवाडीत जाते. चढ चढताना थांबते, सर्दी झाली की आठवडाभर घरघरते, पावसाआधी दर वर्षी फ्लूची लस घेते. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री मुलाला पाच-सहा वर्षांचं झाल्यावरच नीट जमते. तेव्हा श्वासनलिका किती मोकळ्या आहेत ते आकड्यात कळेल. त्याची तयारी म्हणून तिचे बाबा तिला रोज संध्याकाळी कागदाचं भिरभिरं फुंकायला लावतात. वहीतले श्वास मी अजूनही मोजते. झोपेत ते आता तिशीच्या आत असतात.